काटा

नाना पेठेत, क्वार्टर गेटकडून आत वळलात
की डाव्या हाताला माझं रद्दीचं दुकान.
पाटीवरचं 'उजागरे' अजून वाचता येतं,
'आणि सन' उन्हापाण्यात गेलं.

कडीला टांगलेला काटा बाबांच्या वेळचा.
वजनमापवाले वर्षाला येतात, शिक्का मारतात,
चहा पिऊन म्हणतात, तुमच्याकडे आम्हाला काम नसतं.
बाबा सांगायचे, पारड्याखाली लोहचुंबक लावणाऱ्यांचे
कोंढव्यात फ्लॅट झाले, शिलास, आपला नाही झाला.
देवाला दोन तऱ्हेची वजनं खपत नाहीत,
घ्यायचं एक, द्यायचं एक.
हे मी पाळलं. एवढं एक तरी पाळलं.
आणि खरं सांगतो,
पाळता पाळता त्याची ऐट आली.
गिऱ्हाईकासमोर पारडं सोडून दोन्ही हात वर करायचो,
बघा, बोट नाही लागलं.

फेब्रुवारीत हौसाबाई पुठ्ठा घेऊन आली,
काशेवाडीची, बारा वर्षं येणारी.
गठ्ठा सोडला तर मधे दगड.
काळा, ओबडधोबड,
कुठल्यातरी बांधकामाच्या खडीतला.

मी तो हातात घेतला
आणि जे बोललो ते सगळ्या गल्लीने ऐकलं.
समोरचा सायकलवाला, शाळेतून सुटलेली पोरं,
मंडळीतल्या मार्थाबाई, मेथीची जुडी घेऊन थांबलेल्या.
माझ्या काट्याला फसवतेस? म्हणालो.
'माझ्या' म्हणालो.
ती बोलली नाही. पुठ्ठा परत बांधला,
दोरीची गाठ दातांनी ओढली, गेली.
दगड माझ्या हातातच राहिला.
बघणाऱ्याला वाटेल, मारला नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं.
रांगेत उभा होतो,
अर्पणाची पन्नासची नोट खिशात, चार घड्या घातलेली.
पाळकसाहेब त्या दिवशी भलत्याच विषयावर बोलले होते.
मलाच संडेस्कूलातलं पाठांतर आठवलं,
वेदीपाशी आलास आणि ध्यानात आलं
की कुणाचं मन तुझ्यामुळे दुखलंय,
तर आणलेलं तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा.
लहानपणी वाटायचं, सगळे असे जायला लागले
तर देवळात उरेल कोण?

रांग सोडली. बायकोने लांबून खुणेने विचारलं,
पोटात दुखतंय का?
मी मान हलवली, हो.
क्षमा मागायला निघालो तोही खोटं बोलून.

हौसाबाई नळावर होती.
म्हटलं, बाई, चुकलो.
कळशी भरेपर्यंत तिने वर पाहिलं नाही.
मग म्हणाली, दगड माझाच होता की.
नातीचं आजारपण बिजारपण काही सांगत नाही तुला.
होता, घातला.
आता मंगळवार पेठेत माल घालते.
तो किलोमागं शंभर ग्रॅम खातो, मला काय कळत नाही?
पण चारचौघांत आवाज चढवत नाही.
काटा तुझा सरळच आहे रे,
त्याचं मी काय करू?

परत ये म्हटलं. बघू म्हणाली,
कळशी कमरेला लावून बोळात गेली.
मागे ओली पावलं, उन्हाने लगेच वाळलेली.

नोट खिशातच राहिली.
तिला द्यावीशी वाटली, दिली नाही.
दिली असती तर माफीचा दर ठरला असता.
किंवा मी चिकट आहे.
दोन्ही पारड्यांत टाकून पाहिलं,
काटा मधेच थरथरत राहतो.

दगड टेबलावर आहे,
पावत्या उडू नयेत म्हणून.
मुलगी विचारते, पप्पा, हा कुठून आणला?
आपलाच आहे, म्हणतो.
काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, काट्यावर ठेवला.
तीनशे दहा ग्रॅम.
पुठ्ठ्याचा दर दहा रुपये.
म्हणजे तीन रुपये दहा पैसे.
विश्वास बसेना,
हात वर करून, बोट न लावता
पुन्हा एकदा मोजला.